शेवटी येणाऱ्याची घंटा

ही समोरची घंटा रोज दुपारी बाराला वाजते. वर्षातून एक दिवस मात्र ती बाराला वाजत नाही, आणि तो दिवस आज आहे. तेव्हा मंडळी, घड्याळं खिशात ठेवा, जेवणाला उशीर होणार आहे. इकडे या, कडुलिंबाखाली. सोलापूरचं ऊन पाहुणा बघून कमी होत नाही. फाटकाशी बॅग घेऊन उभी आहेस ती मुलगी, तूही ये सावलीत. आई-वडील मागून येताहेत का? बरं, राहू दे. इथे कट्ट्यावर बस.

मी भालेराव. सेबास्टियन भालेराव. या संत ब्लेझ कॉलेजात इतिहास शिकवता शिकवता म्हातारा झालो. निवृत्त झाल्यावर घरी करमेना, आणि घरच्यांना मी करमेना, म्हणून दर जूनमध्ये नव्या मुलांच्या पालकांना कॉलेज दाखवायचं काम मागून घेतलं. पगार नाही, पण ऐकणारे पळून जाऊ शकत नाहीत, हे सुख मोठं आहे.

हॉलमधून आवाज येतोय तो ऐका. तुमचीच मुलं आहेत. पहिल्या वर्षाची मुलं आज सकाळपासून एकेक करून उठतात आणि मनाला येईल ते बोलतात. आत्ता कुणीतरी आजोळच्या म्हशीविषयी सांगतंय, आणि बरंच मनापासून सांगतंय. प्रवेश घेतलेलं शेवटचं मूल येऊन पोचेपर्यंत हे असंच चालायचं. तोवर घंटा नाही, आणि घंटा नाही तोवर जेवण नाही. जो सगळ्यांत शेवटी येतो त्याला कुणी रागवत नाही. उलट घंटा वाजवायचा मान त्याचा. मध्यंतरी काही चलाख पोरं मानासाठी मुद्दाम पानटपरीमागे लपून बसायला लागली. मग ठरलं की मुद्दाम उशीर करणाऱ्याने मेसची भांडी घासायची. तेव्हापासून ती हौस फिटली.

हे असं का, याची एक गोष्ट सांगतात. इतिहासाचा मास्तर म्हणून विचाराल तर माझ्याकडे पुरावा नाही. मला ती माझ्या सरांनी सांगितली, त्यांना त्यांच्या सरांनी. साल विचारू नका, प्रत्येकजण वेगळं सांगतो. गिरण्यांचे भोंगे जोरात होते आणि सगळं शहर भोंग्यावर उठत-जेवत होतं, तेव्हाची ही गोष्ट, एवढं धरून चला.

कॉलेज तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. ते सुरू केलं फादर इनास यांनी. माणूस वसईचा, केळीच्या बागांतला. त्या हिरव्यागार मुलखातून ते इथे फुफाट्यात आले आणि येताना केळीचं एक रोप घेऊन आले. ते त्यांनी फाटकामागे लावलं. त्याला कधी घड आला नाही, पण फादरनी पाणी घालणं सोडलं नाही, असं सांगतात. कॉलेजला त्यांनी संत ब्लेझचं नाव दिलं. हा संत गळ्याचा राखणदार. घशात माशाचा काटा अडकून मरणाऱ्या एका पोराला त्याने वाचवलं अशी त्याची कथा आहे. गावातले लोक फादरना चिडवायचे, की सोलापुरात कुठला मासा आणि कुठला काटा? फादर म्हणायचे म्हणे, "इथल्या पोरांच्या घशात काटा नाही, शब्द अडकलेत. तेवढे निघाले तरी पुष्कळ झालं."

आणि ते खरंच होतं. इथे येणारी पोरं कोण? विणकरांची, विड्या वळणाऱ्या बायांची, बार्शी-अक्कलकोटकडच्या खेड्यांतली. घरात, कारखान्यात, गिरणीत, जिथे जातील तिथे त्यांना एकच सांगितलेलं, की तू गप्प बस. म्हणून फादर इनास यांनी बाकीचे नियम सैल सोडले आणि एकच नियम कडक ठेवला. बोलणाऱ्याला तोडायचं नाही. वर्गात असो, मेसमध्ये असो, बोलणारा आपणहून थांबेपर्यंत मधे बोलायचं नाही, उठून जायचं नाही, घंटासुद्धा वाजवायची नाही.

घंटेचं काम आंतोनबाबांकडे होतं. चॅपल झाडणं, मेणबत्त्या लावणं, घंटा वाजवणं हे सगळं तेच करत. उंच माणूस, ताठ मानेचा. बाराची घंटा झाली की देवदूताची प्रार्थना म्हणायची असते, आणि ती चुकली की बाबांना त्या दिवसाचं जेवण गोड लागायचं नाही. पण हॉलमध्ये एखादा पोरगा बोलत असला की फादर हात वर करायचे, आणि बाबा दोर धरून, ओठ आवळून उभे राहायचे. तिकडे मेसमध्ये भात गार व्हायचा. "आपले फादर देवाला थांबवतील, पण बोलणाऱ्याला थांबवणार नाहीत," असं मुलं म्हणायची, आणि त्यातली अर्धी तक्रार गार भाताची असायची.

पण कॉलेज नुसत्या बोलण्यावर चालत नाही. मुलं फार थोडी होती. पुण्याच्या धर्मप्रांताकडून विचारणा होऊ लागली, आणि शेवटी तिथून फादर दिनिस आले. त्यांना गोष्टीतला दुष्ट माणूस समजू नका. मीही पुढे या कॉलेजच्या कारभारात होतो, रिकाम्या वर्गांचा हिशेब वर पाठवणं काय असतं ते मला माहीत आहे. फादर दिनिस सगळीकडे हिंडले, मुलांशी नीट बोलले, मेसमध्ये जेवले. मग म्हणाले, "इनास, तुमचं मन मोठं आहे, पण वर्ग रिकामा आहे. या जूनमध्ये पहिल्या वर्षाचा वर्ग भरला तर कॉलेज ठेवू. एक बाकसुद्धा रिकामा राहिला तर इमारत कापसाच्या गोदामाला द्यायची. पहिल्या दिवशी मी स्वतः येईन आणि बाराच्या घंटेपर्यंत थांबेन." फादर इनास यांनी ते मान्य केलं. न करून सांगतात कुणाला?

त्या उन्हाळ्यात फादर घरोघर फिरले. कॉलेजची मुलंही फिरली. बाक एकेक करून भरत गेले. शेवटी एकच राहिला, खिडकीजवळचा, मागचा.

त्या बाकावर मे महिन्यात एक मुलगी येऊन बसून गेली होती. बालमणी येमूल तिचं नाव. साखर पेठेतल्या तेलुगू विणकराची मुलगी, स्वतः मागावर बसणारी. मॅट्रिक झाली होती आणि घरात लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं. ती आली, बाकावरून हात फिरवून पाहिला आणि फादरना विचारलं म्हणे, "इथं मधेच गप कर म्हणत न्हाईत, खरं हाय का?"

"खरं आहे," फादर म्हणाले.

"मग येते. मागावरचं कापड उतरवून येते."

वडिलांनी तिला तेवढीच अट घातली होती. मागावर लावलेलं कापड पुरं करून उतरवायचं आणि मग कुठे जायचं ते जा. विणकरांत अर्धं कापड दुसऱ्याच्या हातात देत नाहीत. प्रत्येकाचा हात वेगळा पडतो, आणि जिथे हात बदलला तिथे कापड बोलतं, असं ते म्हणतात. त्या मेच्या दिवशी ती विचारत विचारत आली होती, आणि ऊन फार होतं. तिला एकटीला रस्ता माहीत नव्हता, म्हणून रेवण म्हेत्रे नावाच्या मुलाने तिला आपल्या वडिलांच्या टांग्यातून घरी सोडलं.

या रेवणविषयी सांगायला हवं. उगाच हसू नका, प्रेमबिम काही नव्हतं. टांगेवाल्याचा मुलगा, सोलापूरची गल्लीन् गल्ली पाठ, अभ्यासात चांगला. पण जीभ अडखळायची. शब्द घशातून निघायचा आणि दातांशी येऊन थांबायचा. मोठ्या कॉलेजात त्याची मुलाखत घेतली तेव्हा त्याला आपलं नाव सांगता सांगता घाम फुटला, आणि तिथून त्याला परत पाठवलं. फादर इनास यांनी मुलाखत घेतलीच नाही. आदल्या वर्षापासून तो इथे होता, आणि बोलणाऱ्याला न तोडणाऱ्या या कॉलेजात वर्षभर एक अक्षर बोलला नव्हता. हे कॉलेज बंद झालं की त्याच्यासाठी टांगा तयार होता.

तर पहिला दिवस उजाडला. फादर दिनिस सकाळच्या गाडीने आले. हॉलमध्ये सगळी मुलं जमली, नवी आणि जुनी. मागच्या खिडकीजवळचा बाक रिकामा होता.

"ती येईल," फादर इनास म्हणाले. "तिने शब्द दिलाय."

"मुली येते म्हणतात," फादर दिनिस शांतपणे म्हणाले, "आणि मग घरचे पाठवत नाहीत. त्यांची चूक नसते."

 फादर इनास पहिल्या रांगेत बसले आणि जपमाळ हातात घेतली. मणी मोजताना ते चुकत राहिले, असं सांगतात. मला हे खरं वाटतं, कारण श्रद्धा असली तरी मोजदाद चुकायची ती चुकतेच.

ऊन वर आलं. आंतोनबाबा बाहेर घंटेपाशी जाऊन उभे राहिले. हॉलची दारं उघडी होती, त्यामुळे आतून ते दिसत होते. तेव्हा द्वारका शेटे नावाच्या बार्शीच्या मुलीने शेजारच्या पास्कल साळवेला कोपराने ढोसलं. हा पास्कल कॉलेजचा वक्ता, जालन्याकडचा, भाषणात एकदा हात उचलला की सभा जिंकणारा.

"ऊठ," द्वारका म्हणाली. "बोल."

"काय बोलू?"

"एरवी इचारतोस का?"

पास्कलच्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागला नाही. तो उठला आणि म्हणाला, "फादर, पाहुण्यांच्या स्वागतासाठी दोन शब्द बोलू इच्छितो." फादर इनास यांनी मान वर केली. मुलांचा बेत त्यांच्या लक्षात आला आणि ते गोंधळले. नाही म्हणावं तर आपलाच नियम मोडतो, हो म्हणावं तर बाराची प्रार्थना लांबते. त्यांनी फादर दिनिस यांच्याकडे पाहिलं. फादर दिनिस म्हणाले, "घर तुमचं, रीत तुमची. पाहुण्याने यजमानाची रीत मोडू नये. पण मुलगा थांबला की घंटा वाजेल." एकाने एकदाच बोलायचं आणि दोघांच्या मधे रिकामी जागा पडली की घंटा, असं ठरलं.

आता गंमत पाहा. सगळ्यांची भिस्त पास्कलवर होती, आणि सगळ्यांत आधी तोच आटोपला. पाठ केलेलं भाषण होतं, ते संपलं की पुढे शब्द सापडेना. त्याने दोनदा आभार मानले, तिसऱ्यांदा मानायला लाज वाटली आणि तो मटकन खाली बसला. तेवढ्यात द्वारका उभी राहिली. तिने भाषण वगैरे केलंच नाही. ती शेंगांची चटणी कशी करतात ते सांगू लागली. शेंगा कोणत्या घ्यायच्या, किती भाजायच्या, साल कसं पाखडायचं, उखळात लसूण आधी घालायचा की मागून, आणि यावरून आई व आत्या यांच्यात कसं वाजलं. तिचं चालू असतानाच गिरणीचा बाराचा भोंगा झाला. सगळ्या सोलापुरात बारा वाजले. या आवारात वाजले नाहीत.

मग जो तो उठू लागला. एकाने अक्कलकोटच्या बाजूची आपली विहीर कशी खणली ते सांगितलं. एका मुलीने विडी वळताना पान कुठून मुडपायचं ते हाताने दाखवत सांगितलं. एकजण घरी कन्नड बोलणारा होता, त्याने कन्नडमध्येच सुरुवात केली. फादर दिनिस यांना ओ की ठो कळलं नाही, पण त्यांनी मान हलवून पुढे चालू दे म्हटलं. एकाला काहीच सुचेना, म्हणून तो लॅटिनमधली शब्दांची रूपं म्हणू लागला, आणि तेव्हा प्रार्थना लॅटिनमध्येच व्हायच्या, म्हणून आंतोनबाबांना वाटलं प्रार्थना सुरू झाली. त्यांनी बाहेर टोपी काढली. पोरांचे घसे सुकले. मेसमधून भाताचा वास येऊन येऊन विरला. आयुष्यभर ज्यांना गप्प बस म्हटलं होतं, त्या पोरांनी त्या दिवशी एक अख्खी दुपार अडवून धरली, आणि मला ही गोष्ट सांगताना दरवेळी इथे जरा थांबावंसं वाटतं.

पण मुलं ती किती? बोलणारे संपत आले. शेवटचा बोलणारा सुताराचा मुलगा होता. तो रंधा कसा धरायचा ते सांगून खाली बसायला लागला, आणि बसता बसता त्याने आजूबाजूला पाहिलं. कुणी उरलं नव्हतं. उरला होता रेवण.

कुणी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याला संकोच नको म्हणून म्हणा, किंवा त्याला कुणी हिशेबात धरलंच नव्हतं म्हणून म्हणा. बाहेर आंतोनबाबांनी हात वर नेला. आणि रेवण उभा राहिला.

"स... सा... साखर पेठ," तो म्हणाला.

 त्याचा आवाज पोरांनी पहिल्यांदाच ऐकला होता.

"साखर पेठेत ति-तिचा म... म... माग आता थ... थांबला. क-कापड उतरलं. ती पा-पाय धुते. च... चप्पल घालते."

तो रस्ता सांगू लागला होता. बालमणीच्या दारापासून कॉलेजपर्यंतचा रस्ता, टांग्याच्या चाकाला माहीत असतो तसा. गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी, तिथे डावीकडे वळायचं. पुढे रंगाऱ्यांच्या वाळत घातलेल्या सुताखालून वाकून जायचं. प्रत्येक वळणाला तो अडत होता, प्रत्येक नावाला घाम पुसत होता. त्याच्या जागी पास्कल असता तर एवढा रस्ता एका दमात संपवून बसला असता. रेवणला तो संपवता येत नव्हता. ज्या अडखळण्यापायी त्याला हाकलून दिलं होतं, तेच आता कॉलेजला पुरत होतं.

मग तो मधला मारुती म्हणतात त्या देवळापाशी आला, आणि तिथे मात्र पुरता अडकला. म हे अक्षर त्याचं वैरी होतं. ओठ मिटले ते उघडेनात. मान ताणली गेली, डोळ्यांत पाणी आलं, आवाज नाही. हॉलमध्ये कुणी हलत नव्हतं. बाहेरून आंतोनबाबांनी दारातून आत पाहिलं. प्रामाणिक माणूस, त्यांना जे दिसलं तेच त्यांनी सांगितलं.

"त्याचं तोंड मिटलंय, फादर. झालं त्याचं."

फादर इनास उठू शकले असते, पण उठले नाहीत. कॉलेज त्यांचं, स्वार्थ त्यांचा, आपल्या फायद्याचा निवाडा आपण कसा द्यायचा? त्यांनी डोळे मिटून घेतले. आंतोनबाबांनी दोराला हात घातला.

तेव्हा फादर दिनिस उभे राहिले. त्यांनी हात वर केला.

"थांबा, बाबा," ते म्हणाले. "अडलंय. संपलेलं नाही."

आणि ते उभेच राहिले, हात वर धरून. रेवणकडे बघत राहिले, घाई न करता. किती वेळ, ते कुणी सांगत नाही. कुणी हसलं नाही, कुणी त्याचा शब्द त्याच्या आधी पुरा केला नाही.

"मधला मारुती," रेवण म्हणाला. सगळा शब्द, एका तुकड्यात.

तिथून तो पुढे निघाला. माणिक चौक आला. किल्ल्याच्या भिंतीची सावली आली. ती सावलीतून चालतेय, तो म्हणाला. पार्काच्या कोपऱ्यावर तिला रस्ता कळत नाही, ती थांबते. एक टांगा जातो, ती टांग्याच्या मागे वळते. सात रस्ता. हातगाडीवाला. कॉलेजची भिंत. अजून अडत होता, पण आता अडण्याची त्याला लाज उरली नव्हती. भिंत संपते, तो म्हणाला. फाटक. फाटकातली केळ.

आणि केळीपाशी बालमणी उभी होती.

केसांत कापसाचे तंतू, लुगड्याला खळीचे डाग, चेहरा उन्हाने लाल झालेला. हॉलमधली सगळी माणसं उठून दाराशी आलेली पाहून ती घाबरली. तिला वाटलं, उशीर झाला म्हणून सगळे रागावलेत. म्हणाली, "हवा लई कोरडी हाय, फादर. सूत सारखं तुटत होतं. सांधत बसले. अर्धं सोडून येत नसतंय."

"नाही," फादर इनास म्हणाले. "अर्धं सोडायचं नसतंच." पुढे त्यांना बोलवेना. ते जाऊन केळीपाशी उभे राहिले आणि सगळ्यांकडे पाठ करून केळीला पाणी घालत राहिले. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द मोकळे केले त्याचे स्वतःचे त्या दिवशी अडकले, असं सांगतात.

आता घंटा कुणी वाजवायची? आंतोनबाबांनी दोर सोडला आणि बालमणीला खूण केली. "तुझ्यासाठी थांबलीय," ते म्हणाले, "तूच वाजव." बाबा उंच होते, दोर त्यांच्या मापाचा होता. तिने टाचा उचलल्या, बोटांच्या टोकांनी दोर धरला आणि ओढला. सूर्य बराच कलला होता. तेव्हा या आवारात बारा वाजले. सगळ्यांनी बाराची प्रार्थना म्हटली. मग फादर दिनिस आत गेले, खिडकीजवळच्या बाकावर ती बसल्याचं पाहिलं आणि म्हणाले, "वर्ग भरला." त्यांची पुण्याची गाडी केव्हाच गेली होती. ते मुलांबरोबर पंगतीत बसले आणि त्यांनी गार भात दोनदा मागून घेतला.

बालमणी नंतर सांगायची म्हणे, की पार्काच्या कोपऱ्यावर मला खरंच रस्ता कळेना. सगळे रस्ते सारखे दिसत होते. आणि मग कुणीतरी कानाशी सांगावं तसं वाटलं, की टांग्याच्या मागे वळ. आता हे खरं की तिने मागून रचलं, ते मला विचारू नका. मी सगळी हयात पुरावे मागण्यात घालवली, पण हे तपासायला मी कधी गेलो नाही.

रेवणची जीभ त्या दिवशी सुटली, असंही काहीजण सांगतात. ते मात्र खोटं आहे. तो पुढे शिकला, इथेच शिकवायला लागला, आणि निवृत्तीच्या दिवसापर्यंत अडखळतच बोलला. म्हेत्रे सर वर्गात एखाद्या शब्दावर अडले की सगळा वर्ग हाताची घडी घालून स्वस्थ बसायचा आणि त्यांचा शब्द त्यांनाच काढू द्यायचा. मी सांगतो, कारण मी त्या वर्गात होतो. ही गोष्ट मला ज्यांनी सांगितली ते माझे सर तेच. आपल्या सरांकडून ऐकली असं ते म्हणायचे, पण त्या दिवशी हॉलमध्ये उभे होते ते स्वतःच. मधल्या मारुतीपाशी ते दरवेळी थांबायचे, आणि आम्ही वाट बघायचो.

झाली गोष्ट. आजही पहिल्या दिवशी मुलं बोलत राहतात, आजही बाराची घंटा शेवटच्या मुलासाठी थांबते, आणि आजही त्या दिवशी मेसमध्ये भात गार मिळतो. तो रीत म्हणून गार ठेवतात असं स्वयंपाकी सांगतो. त्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही जेवल्यावर ठरवा.

तिकडे म्हशीवाला अजून टिकून आहे, ऐकलंत? शाबास. पण आवाज बसत चाललाय त्याचा. आणि मघाशी मला आतून निरोप आलाय, की सगळी मुलं आली, एक तेवढी यायची आहे. मोहोळकडच्या खेड्यातली, एकटीच येणार होती. म्हणून तर मी तुम्हाला एवढा वेळ धरून ठेवलं.

बाळ, कट्ट्यावरची. हो, तूच. एस. टी. चुकली का? की पंक्चर झाली? फाटकाशी आलीस, आतला गलका ऐकलास आणि पाऊल पुढे पडेना, हे मी तिथूनच पाहिलं होतं. म्हटलं, हिला आधी गोष्ट ऐकू दे. सगळी ऐकून घेतलीस, हे बरं केलंस.

रडू नकोस गं. बॅग इथेच राहू दे, हे काका बघतील. ऊठ, चल. दोर अजून आंतोनबाबांच्या मापाचाच ठेवलाय, तेव्हा टाचा उचलाव्या लागतील.